छोट्या हॉलमधली मैफल : स्पीकर कुठे ठेवायचे?

मागच्या व्याख्यानात आपण माइकची ओळख करून घेतली. आज दुसऱ्या टोकाकडे, म्हणजे स्पीकरकडे यायचं आहे. जागा मुद्दाम छोटी घेतली आहे. शंभर-सव्वाशे माणसांचा हॉल, एक गायिका, पेटी, तबला आणि दोन स्पीकर. ग्रंथालयाचा वरचा मजला, सोसायटीचं सभागृह, शाळेचा मोठा वर्ग अशा जागी भावगीतांचे आणि नाट्यगीतांचे कितीतरी कार्यक्रम होत असतात.

सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो. अशाच एका हॉलमध्ये आम्ही दोन स्पीकर मंचाच्या दोन बाजूंना, शाळेच्या बाकांवर ठेवले. पहिलं गाणं सुरू झालं आणि पुढच्या रांगेतल्या दोघी-तिघींनी कानांवर हात ठेवले. त्याच वेळी मागून आवाज आला, ‘जरा वाढवा!’ आम्ही वाढवला. शिट्टी वाजली. कमी केला. गायिकेला वाटलं, आपलाच आवाज पोचत नाहीये. ती जोर लावून गाऊ लागली. मध्यंतरापर्यंत तिचा गळा बसला. शेवटच्या रांगेतले एक आजोबा आमच्यापाशी आले आणि म्हणाले, ‘आवाज आला हो, शब्द नाही आले.’ भावगीताच्या कार्यक्रमात शब्दच आले नाहीत, तर मग उरलं काय?

चूक मिक्सरवर झालेली नव्हती. ती मिक्सर चालू करण्याआधीच, बाकांवर झाली होती. कशी, ते बघू.

मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाजाची पातळी 6 डेसिबलनं उतरते. आमच्या हॉलमध्ये पहिली रांग स्पीकरपासून 6 फुटांवर होती आणि शेवटची 48 फुटांवर. 6 चे 12, 12 चे 24, 24 चे 48. तीनदा दुप्पट झाली, म्हणजे 18 डेसिबलचा फरक. बंद हॉलमध्ये तो प्रत्यक्षात कमी भरतो, कारण भिंतींवरून परतलेला आवाज मागच्या लोकांपर्यंत पोचतो. पण ही भर स्वच्छ नसते. एकच अक्षर दहा वाटांनी, थोडं थोडं उशिरा येतं आणि शब्द विरघळतो. आजोबांची तक्रार नेमकी हीच होती. त्यात स्पीकर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर. ‘स’, ‘त’, ‘क’ ही अक्षरं ओळखू येतात ती वरच्या पट्टीतल्या ध्वनींमुळे, आणि हे ध्वनी पुढच्या डोक्यांनी अडतात. मागे पोचतो तो नुसता घुमारा.

मग उपाय काय? स्पीकर वर उचला. स्टँडवर असा चढवा की त्याचा कर्णा, म्हणजे वरच्या पट्टीचा आवाज जिथून निघतो तो भाग, जमिनीपासून साधारण 8 फुटांवर येईल. तोंड किंचित खाली, शेवटून दुसऱ्या रांगेकडे करा. आता आकडे पुन्हा मांडू. खुर्चीवर बसलेल्याचा कान साधारण 4 फुटांवर असतो. पहिल्या रांगेचं अंतर 6 वरून 7 फुटांच्या थोडं वर गेलं. एवढ्यानं फार काही साधत नाही, दीडेक डेसिबल मिळाले. खरी गंमत कोनात आहे. स्पीकरच्या माहितीपत्रकात ‘90 × 60’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. याचा अर्थ आडवा 90 अंश आणि उभा 60 अंश एवढा पसारा. त्याच्या कडेला आवाज मधल्यापेक्षा 6 डेसिबलनं कमी असतो. आपण स्पीकरचं तोंड मागच्या रांगांकडे केलं, तर पहिली रांग बरोबर या कडेला येते. म्हणजे जवळच्यांना कडेचा आवाज मिळतो आणि लांबच्यांना मधला. 18 चा फरक 10-11 वर आला, आणि आम्ही फेडरला हातही लावलेला नाही!

पुष्कळ स्पीकरांच्या तळाला स्टँडसाठी दोन भोकं असतात. एक सरळ, दुसरं थोडं खाली झुकवणारं. दुसरं वापरा. लाकडाचे तुकडे खाली सारून स्पीकर तिरका करू नका, तो लोकांच्या डोक्यावर असतो. स्टँडचे पाय पूर्ण फाकवा, पायांवर वाळूची पिशवी ठेवा आणि वायर चिकटपट्टीनं जमिनीला दाबा. छत फार खाली असेल तर उंची थोडी कमी ठेवा, नाहीतर छतच आवाज परतवायला लागतं.

आता शिट्टी. स्पीकरमधून निघालेला आवाज माइकमध्ये शिरला, वाढला, पुन्हा स्पीकरमधून निघाला, हे चक्र म्हणजे फीडबॅक. म्हणून स्पीकर नेहमी माइकच्या रेषेच्या पुढे, श्रोत्यांच्या बाजूला हवेत. छोट्या हॉलमध्ये तीन-चार फूट पुढे मिळाले तरी पुष्कळ. आमचे बाक मंचाच्या कडेला, माइकच्या थोडे मागेच होते. मग शिट्टी वाजणारच.

याच हिशेबात आणखी दोन गोष्टी येतात. गायिकेचं तोंड माइकपासून 8 इंचांवरून 4 इंचांवर आलं, तर जवळजवळ 6 डेसिबल फुकट मिळतात. उलट, उघडे माइक दुप्पट केले की शिट्टीच्या आधीची मोकळीक 3 डेसिबलनं घटते. एकाचे चार केले तर 6 गेले. छोट्या हॉलमध्ये तबला मुळातच पुरेसा ऐकू येतो. त्याचा माइक लावायचा तर लावा, पण उघडा किती ठेवायचा याचा विचार करा. गायिकेसमोरचा मॉनिटरही माइकच्या पाठीकडे ठेवा. साध्या कार्डिऑइड माइकला पाठीमागून सगळ्यात कमी ऐकू येतं.

तिसरी गोष्ट कोपरा. जागा वाचावी म्हणून स्पीकर कोपऱ्यात सारण्याचा मोह होतो. पण प्रत्येक भिंत खालच्या पट्टीच्या आवाजाला 6 डेसिबलपर्यंत जोर देऊ शकते. कोपऱ्यात दोन भिंती असतात. डग्गा घुमतो आणि शब्द त्याखाली दबतात. कोपरा सोडा. सोडता येत नसेल तर मिक्सरवर खालची पट्टी कमी करा. स्पीकरचं तोंडही थोडं आत, श्रोत्यांकडे वळवा. बाजूच्या भिंतीवर आवाज टाकून काही मिळत नाही.

‘मग मागे आणखी दोन स्पीकर लावू या ना?’ हा प्रश्न हमखास येतो. लावता येतात, पण एका अटीवर. आवाजाला एक फूट जायला साधारण एक मिलिसेकंद लागतो. मागचा स्पीकर पुढच्यापासून 30 फुटांवर असेल, तर तारेतून आलेला आवाज हवेतून येणाऱ्या आवाजाच्या सुमारे 27 मिलिसेकंद आधी वाजतो, आणि गायिका पाठीमागे बसून गातेय असं वाटायला लागतं. म्हणून मागच्या स्पीकरला 27 अधिक दहाएक मिलिसेकंदांचा डिले द्यावा. आधी पोचलेल्या आवाजावरून मेंदू दिशा ठरवतो, हे हेल्मुट हास या संशोधकानं 1949 मध्ये मांडलं. डिलेची सोय नसेल तर मागचे स्पीकर लावू नका.

आणि शेवटी, चाला. एकाला माइकवर वर्तमानपत्र वाचायला बसवा आणि स्वतः हॉलभर फिरा. पहिली रांग, मधली, खांबामागची, शेवटचा कोपरा. बातमी प्रत्येक ठिकाणी न ताणता कळली पाहिजे. मिक्सरजवळ उभं राहून हे कधीच कळत नाही.

वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

प्रश्न : आमच्याकडे एकच स्पीकर आहे.

एकच चालतो. उंच स्टँडवर, मंचाच्या एका बाजूला, माइकच्या पुढे ठेवा आणि तोंड समोरच्या मागच्या कोपऱ्याकडे तिरकं करा. दोन स्पीकरांचे आवाज एकमेकांत मिसळून काही खुर्च्यांवर जो विचित्र पोकळपणा येतो, तोही टळतो.

प्रश्न : साउंडवाला भाड्याचा असतो, आमचं ऐकत नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी तो नाही ऐकणार, कारण त्याच्याकडे सामानच नसेल. बुकिंग करतानाच सांगा : दोन उंच स्टँड हवेत, आणि श्रोते यायच्या एक तास आधी हॉल आपल्या ताब्यात हवा. आम्ही त्या कार्यक्रमानंतर प्रत्येक बुकिंगमध्ये हे दोन मुद्दे सगळ्यात आधी लिहितो, स्पीकर किती वॅटचे हे त्यानंतर.