दारची कोंबडी आणि घरचे मूल

ज्या घराला थोडेफार अंगण आहे, त्या घरी चार-सहा कोंबड्या असतातच. खेड्यात तर असतातच, पण तालुक्याच्या गावातही मागच्या दारी खुराडे दिसते. पाहुणा आला की कोंबडा, बाळंतिणीला अंडे आणि औषधाला किंवा वह्यापुस्तकांना पैसे कमी पडले की आठवडी बाजाराला डालग्यातून नेलेली एखादी तलंग, असा हा हिशेब असतो. विशेष म्हणजे हा पैसा बहुतेक घरांत बाईच्या हातात राहतो आणि तो मुलांवरच खर्च होतो. म्हणून 'कोंबड्या पाळू नका' असे आम्ही डॉक्टरांनी सांगण्यात काही अर्थ नाही. कोंबड्या जरूर पाळाव्यात. त्या कोठे ठेवाव्यात आणि कशा हाताळाव्यात, हे मात्र नीट समजून घेतले पाहिजे.

अंड्याचे मोल

पन्नास ग्रॅम वजनाच्या एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात आणि तीही उत्तम प्रतीची. शिवाय 'अ' जीवनसत्त्व आणि ब-१२ मिळते. डाळभात खाणाऱ्या घरात ब-१२ मिळण्याची साधने थोडीच असतात. लोह मात्र अंड्यातून फारसे मिळत नाही. त्यासाठी हिरव्या पालेभाज्या आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या चुकवू नयेत. सहा महिने पूर्ण झालेल्या बाळाला वरचे अन्न सुरू केल्यावर पूर्ण उकडलेले अंडे कुस्करून थोडे थोडे देता येते.

कवचाचा रंग तांबूस की पांढरा, हे कोंबडीच्या जातीवर ठरते. बलक किती पिवळा, हे तिच्या खाण्यावर ठरते. रंगावरून अंड्याची ताकद ठरत नाही. तालमीतली मुले दुधात कच्चे अंडे फोडून पितात, त्याने ताकद वाढते हा गैरसमज आहे. कच्च्या अंड्यातली प्रथिने निम्म्याच्या आसपासच अंगी लागतात. शिजवल्यावर ती बरीच जास्त पचतात आणि जंतूही मरतात.

एकवीस दिवस

कोंबडी खुडूक झाली की घरोघरी तिला अंड्यांवर बसवतात. कोणी याला 'रवणाला बसवणे' म्हणतात. टोपलीत भुसा किंवा गवत घालून, तिच्या अंगाखाली मावतील अशी दहा-बारा अंडी ठेवतात. अंडी आठवड्याच्या आतली असावीत, उन्हाळ्यात तर तीन-चार दिवसांचीच. कळपात कोंबडा नसेल तर कितीही दिवस बसवले तरी पिल्ले निघायची नाहीत. कोंबडीच्या अंगाची ऊब मिळाली की एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्लू कवच फोडते.

सातव्या-आठव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत अंडे बॅटरीच्या उजेडासमोर धरले की जीव धरलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या तांबड्या शिरा दिसतात. ज्यात काहीच दिसत नाही ते वांझ अंडे. ही वांझ अंडी काढून घेतात ते बरोबरच आहे. पण काही घरांत ती आमटीत टाकतात किंवा बाजारात विकतात. तसे करू नये. आठ दिवस कोंबडीच्या उबेत राहिलेल्या अंड्यात जंतूंना वाढायला भरपूर वाव मिळालेला असतो. अशी अंडी पुरून टाकावीत.

हल्ली खोक्यात विजेचा बल्ब लावून अंडी उबवण्याचा किंवा पिल्ले उबेला ठेवण्याचा प्रकार वाढला आहे. उघडी वायर, जोडाला चिकटपट्टी, शेजारी कागद आणि भुसा, असे असेल तर आग लागायला आणि शॉक बसायला वेळ लागत नाही. जोडकाम जाणत्या माणसाकडून करून घ्यावे आणि खोके मुलांच्या हाताला लागणार नाही असे ठेवावे.

रांगते मूल आणि कोंबडीची शिट

आता मुख्य मुद्दा. एक आजी चौदा महिन्यांच्या नातवाला घेऊन आल्या. दोन महिन्यांत तिसऱ्यांदा जुलाब, वजन जेमतेम सात किलो. पाणी गाळून आणि उकळून देत होत्या, बाटली वापरत नव्हत्या. मी विचारले, "आजी, घरात जनावर काय काय आहे?"

"एक शेळी हाय, ती बाहेर असती. अन् आठ कोंबड्या."

"रात्री कोंबड्या कुठे असतात?"

"घरातच की, डॉक्टर. चुलीपाशी डालग्याखाली. बाहेर ठिवल्या तर मांजर, मुंगूस ऱ्हाऊ देतंय का?"

मूल त्याच जमिनीवर रांगत होते. या वयात हाताला येईल ते तोंडात जाते, मग तो भाकरीचा तुकडा असो की वाळलेली शिट. कोंबडी दिसायला ठणठणीत असली तरी तिच्या शिटेत साल्मोनेला आणि कॅम्पिलोबॅक्टर हे जंतू असू शकतात. मोठ्यांना त्यांनी दोन दिवस पोट बिघडेल; तान्ह्या मुलाला, गरोदर बाईला, म्हाताऱ्या माणसाला आजार जड जातो. जुलाब पुन्हा पुन्हा होत राहिले की खाल्लेले अंगी लागत नाही आणि मूल खुरटते. ज्या कोंबडीच्या अंड्याने मूल बाळसे धरायचे, तिच्याच शिटेने ते वाळत जाते.

आजींनी घाबरून विचारले, "मग इकून टाकू का सगळ्या?" मी म्हणालो, "विकू नका. खुराडे बाहेर न्या." ओआरएस आणि चौदा दिवसांच्या झिंकच्या गोळ्या तर दिल्याच, पण खरे औषध मुलाच्या बापाने केले. त्याने जमिनीपासून दोन हात उंच, फळ्यांचे आणि बारीक जाळीचे खुराडे भिंतीपासून दूर बांधले. खाली पडलेली शिट रोज उचलता येते आणि मांजराची भीतीही राहिली नाही. पुढे मुलाचे वजन हळूहळू वाढू लागले. एका घरावरून नियम सांगता येत नाही, हे खरे; पण मूल रांगू लागले की कोंबडीने घराबाहेर झोपावे, एवढे प्रत्येक घराने पाळावे.

अंडी गोळा केल्यावर, खुराडे झाडल्यावर आणि मुलांनी पिल्ले हातात घेतल्यावर साबणाने हात धुवावेत. नुसते पाण्याखाली धरून चालत नाही. पिल्लांचे मुके घेणे बंद करावे. तडकलेले अंडे खाऊ नये. खुराडे कोरडे झाडू नये. पाणी शिंपडून, नाकातोंडाला फडके बांधून साफ करावे. दम्याच्या माणसाने हे काम करूच नये.

अंधारात हात घालू नका

खुराड्यात सांडलेले धान्य असते, धान्याला उंदीर येतात आणि उंदरामागे साप. अंडी आणि पिल्ले खायलाही साप येतो. पहाटे अंधारात अंडी काढायला हात घातला आणि दंश झाला, असे घडते. बॅटरी घेतल्याशिवाय हात घालू नये. दंश झालाच तर माणसाला शांत ठेवावे, हात हलवू देऊ नये, दोरी आवळू नये, ब्लेड लावू नये. मांत्रिकाकडे वेळ न घालवता १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी किंवा थेट सरकारी रुग्णालय गाठावे.

माणसाची कॅप्सूल कोंबडीला

कोंबडी पेंगायला लागली की औषधाच्या दुकानातून टेट्रासायक्लिनची कॅप्सूल आणून पाण्यात टाकतात. हे घातक आहे. अर्धवट औषधाने जंतू मुरतात, मग तेच औषध माणसाला लागू पडत नाही, आणि औषधाचा अंश अंड्यातही उतरतो. याच काळजीपोटी कोलिस्टिन हे औषध खाण्यासाठी पाळलेल्या प्राण्यांना देण्यावर सरकारने २०१९ साली बंदी घातली. कोंबड्यांचा खरा शत्रू राणीखेत, म्हणजे मानमोडी. तो विषाणूचा रोग आहे, त्यावर कॅप्सूल चालतच नाही. पिल्लू पाच ते सात दिवसांचे असताना लासोटा लशीचा थेंब डोळ्यात किंवा नाकात टाकणे हाच उपाय आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी.

कोंबड्या पटापट मरू लागल्या तर

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यात नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू सापडला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातील मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, त्याही त्यानेच. त्याच वर्षी जुलैमध्ये हरियाणातील एक मुलगा दिल्लीत या रोगाने दगावला. माणसाचा असा मृत्यू देशात प्रथमच नोंदला गेला. माणसाला हा रोग क्वचितच होतो, पण झाला तर जिवावर बेततो.

एकाएकी दोन-चार कोंबड्या मेल्या तर उरलेल्या घाईने कापून खाऊ नयेत, बाजारातही नेऊ नयेत. मेलेली कोंबडी ओढ्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये आणि उघड्या हाताने उचलू नये. पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवावे आणि ते सांगतील तसे खोल खड्ड्यात चुना घालून पुरावे. सगळा कळप जाईल म्हणून लोक ही गोष्ट लपवतात. त्यांचे दुःख मला समजते. पण कोंबडे झाकले म्हणून उजाडायचे राहत नाही. अशा दिवसांत घरात कोणाला ताप, खोकला, धाप लागली तर डॉक्टरांना कोंबड्यांविषयी आधी सांगावे.

चांगल्या शिजवलेल्या अंड्यात आणि कोंबडीत हा विषाणू जिवंत राहत नाही. तेव्हा अफवांनी अंडे सोडू नये. या आठवड्यात दोनच कामे करा: खुराडे घराबाहेर न्या आणि मोरीजवळ साबणाची वडी ठेवा. त्यांचा खर्च फार नाही, आणि जुलाबाच्या औषधापेक्षा तर नक्कीच कमी आहे.