प्रो कबड्डी लीगचा महाराष्ट्रातील चाहतावर्ग

प्रो कबड्डी लीग ही भारतातील व्यावसायिक कबड्डी स्पर्धा असून ती २०१४ साली सुरू झाली. मुंबईचा यू मुंबा आणि पुण्याचा पुणेरी पलटण हे महाराष्ट्राचे दोन संघ पहिल्या पर्वापासून या स्पर्धेत आहेत. राज्यातील चाहत्यांचे कबड्डी-वर्ष दोन घटनांभोवती फिरते. एक म्हणजे विजेता ठरविणारा अंतिम सामना आणि दुसरी म्हणजे दोन पर्वांच्या मधल्या काळात होणारा खेळाडूंचा लिलाव. अंतिम सामन्यात संघाचे यश ठरते, तर लिलावात पुढील वर्षी तो संघ कोणाचा असेल हे ठरते. खेळाडू कराराने बांधलेला आणि चाहता आपलेपणाने बांधलेला असल्यामुळे या दोन घटनांमध्ये अनेकदा ताण निर्माण होतो.

पार्श्वभूमी

महाराष्ट्रात कबड्डी पूर्वी हुतूतू या नावाने ओळखली जात असे. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने या खेळाचे प्रात्यक्षिक दाखविले. १९९० साली बीजिंग येथील आशियाई क्रीडा स्पर्धेत कबड्डीला पदकाच्या खेळाचे स्थान मिळाले.

लीग सुरू होण्यापूर्वी प्रेक्षकांची निष्ठा मुख्यतः स्थानिक होती. गावातील मंडळ, तालमीचा संघ, जिल्हा आणि राज्य अशी तिची चढती पायरी असे. राज्य अजिंक्यपद स्पर्धेत संघ जिल्हावार उतरतात. तेथे खेळाडू आणि संघ यांचे नाते गाव, वास्तव्य व मंडळ यांवरून ठरते. पुढील वर्षी तोच खेळाडू बोली लागून प्रतिस्पर्धी जिल्ह्याकडे जाईल, अशी शक्यता त्या रचनेत नव्हती. लीगने हे समीकरण बदलले.

महाराष्ट्रातील संघ

आनंद महिंद्रा आणि चारू शर्मा यांनी उभारलेल्या मशाल स्पोर्ट्स या कंपनीने लीगची स्थापना केली. पुढे स्टार इंडियाने या कंपनीतील बहुसंख्य हिस्सा घेतला. पहिल्या पर्वात आठ संघ होते. २०१७ साली पाचव्या पर्वात त्यांची संख्या बारा झाली.

दोन मराठी संघांचा प्रारंभीचा प्रवास परस्परविरुद्ध दिशांनी झाला. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली यू मुंबाने पहिल्या तिन्ही पर्वांत अंतिम फेरी गाठली. पहिल्या पर्वात, ३१ ऑगस्ट २०१४ रोजी, जयपूर पिंक पँथर्सने त्यांना ३५-२४ असे हरविले. २०१५ साली मुंबईतच झालेल्या अंतिम सामन्यात यू मुंबाने बंगळुरू बुल्सचा ३६-३० असा पराभव करून विजेतेपद मिळविले. २०१६ च्या मार्च महिन्यात पाटणा पायरेट्सने त्यांना ३१-२८ असे निसटते हरविले. त्यानंतर यू मुंबाला पुन्हा अंतिम फेरी गाठता आलेली नाही.

पुणेरी पलटणने प्रारंभीची पर्वे तळाच्या संघांत काढली. पुण्याने पहिला अंतिम सामना नवव्या पर्वात खेळला. १७ डिसेंबर २०२२ रोजी मुंबईत झालेल्या त्या सामन्यात जयपूरने पुण्यावर ३३-२९ अशी मात केली. पुढच्याच पर्वात, १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे, प्रशिक्षक बी. सी. रमेश आणि कर्णधार अस्लम इनामदार यांच्या संघाने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पुण्याला पहिले विजेतेपद मिळवून दिले. अस्लम हा अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील असल्याने या विजयात ग्रामीण महाराष्ट्रातील चाहत्यांना विशेष आपलेपणा वाटला. बाराव्या पर्वात, ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी, पुणे पुन्हा अंतिम फेरीत होते. परंतु दबंग दिल्लीने दिल्लीतच तो सामना ३१-२८ असा जिंकला.

दोन पर्वांमधील काळ

अंतिम सामन्यानंतरचा काळ मैदानावर शांततेचा असला तरी संघबांधणीच्या दृष्टीने तो सर्वांत हालचालीचा असतो. त्याचे टप्पे साधारणपणे असे असतात.

पहिल्या टप्प्यात प्रत्येक संघ कोणते खेळाडू कायम ठेवायचे ते जाहीर करतो. यात अनुभवी खेळाडू आणि संघाने स्वतः घडविलेले तरुण खेळाडू यांचे वेगवेगळे गट असतात. या यादीत ज्यांचे नाव नसते ते लिलावाच्या गटात जातात. चाहत्यांच्या दृष्टीने ही यादी म्हणजे हंगामाचा खरा शेवट असतो, कारण कोण राहणार आणि कोण जाणार हे प्रथम तीतून कळते.

दुसऱ्या टप्प्यात लिलाव होतो. खेळाडूंची विभागणी अ, ब, क आणि ड अशा गटांत केली जाते. अलीकडील पर्वांत या गटांच्या मूळ किमती अनुक्रमे ३० लाख, २० लाख, १३ लाख आणि ९ लाख रुपये होत्या. प्रत्येक संघाच्या खर्चाला मर्यादा असते. दहाव्या पर्वात ती ५ कोटी रुपये होती. कायम ठेवलेल्या खेळाडूंचे मानधनही याच रकमेतून वजा होते. त्यामुळे एका खेळाडूवर मोठी रक्कम लावणारा संघ उरलेल्या जागांसाठी हात आखडता घेतो.

सहाव्या पर्वापासून संघांना अंतिम बोलीशी बरोबरी करण्याचा हक्क देण्यात आला. आपण मोकळ्या केलेल्या खेळाडूवर दुसऱ्या संघाने लावलेली शेवटची बोली तेवढीच रक्कम देऊन स्वतःकडे वळविण्याची मुभा मूळ संघाला या हक्कामुळे मिळते. दहाव्या पर्वाच्या लिलावात बंगाल वॉरियर्सने मणिंदर सिंग या चढाईपटूला २.१२ कोटी रुपयांत याच मार्गाने परत मिळविले. म्हणून यादीतून वगळलेला खेळाडू संघातून गेलाच, असे लिलाव संपेपर्यंत म्हणता येत नाही.

लिलावातील रकमांचा आलेख वेगाने चढत गेला. २०१४ च्या पहिल्या लिलावात राकेश कुमारला पाटणा पायरेट्सने १२.८० लाख रुपयांना घेतले आणि ती त्या वर्षीची सर्वोच्च बोली होती. २०१८ साली मोनू गोयतसाठी हरियाणाने १.५१ कोटी रुपये मोजले. २०२३ साली पवन सेहरावतला तेलुगू टायटन्सने २.६०५ कोटी रुपयांना घेतले. मोठी बोली यशाची हमी ठरत नाही, हे याच खेळाडूच्या आधीच्या वर्षी दिसून आले होते. नवव्या पर्वासाठी तमिळ थलायवाजने त्याला २.२६ कोटी रुपयांना घेतले, पण पहिल्याच सामन्यात तो जायबंदी झाला आणि उर्वरित पर्वाला मुकला.

खेळाडूंची संघांतरे

महाराष्ट्रातील चाहत्यांना या व्यवस्थेचे चटके आणि लाभ दोन्ही मिळाले आहेत.

अनुप कुमार पहिली पाच पर्वे यू मुंबाचा कर्णधार होता. सहाव्या पर्वात तो जयपूरकडून खेळला आणि डिसेंबर २०१८ मध्ये निवृत्त झाला. त्यानंतर तो पुणेरी पलटणचा प्रशिक्षक झाला. मुंबई-पुणे लढतींत वर्षानुवर्षे एका बाजूचा चेहरा असलेला खेळाडू अशा रीतीने दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

कोल्हापूर जिल्ह्यातील सिद्धार्थ देसाई याने सहाव्या पर्वात यू मुंबाकडून पदार्पण केले. संघाने त्याला ३६.४० लाख रुपयांत घेतले होते आणि त्याने पहिल्याच पर्वात चढाईचे दोनशेहून अधिक गुण मिळविले. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याला १.४५ कोटी रुपयांना घेतले. मराठी खेळाडू मराठी संघाकडून पुढे आला, पण त्याच्या यशानेच त्याची किंमत संघाच्या आवाक्याबाहेर नेली.

इराणचा बचावपटू फजल अत्राचली याचा प्रवास याहून नागमोडी आहे. २०१५ च्या विजेत्या यू मुंबा संघात तो होता. पुढे तो यू मुंबाचा कर्णधार झाला. नवव्या पर्वात पुण्याने त्याला १.३८ कोटी रुपयांना घेऊन कर्णधारपद दिले आणि त्याच्या नेतृत्वाखाली पुण्याने पहिला अंतिम सामना खेळला. २०२५ च्या अंतिम सामन्यात तो दिल्लीच्या बचावफळीत होता आणि समोर पुणेरी पलटण होती.

दहाव्या पर्वासाठी पुण्याने मोहम्मदरेझा शादलुई या इराणी अष्टपैलू खेळाडूवर २.३५ कोटी रुपये खर्च केले. ५ कोटींच्या मर्यादेत ही रक्कम जवळपास ४७ टक्के होते. त्या पर्वात तो सर्वोत्तम बचावपटू ठरला आणि पुणे विजेते झाले. विजेतेपदानंतर पुण्याने त्याला मोकळे केले. हरियाणा स्टीलर्सने त्याला २.०७ कोटी रुपयांना घेतले. अकराव्या पर्वाचा अंतिम सामना २९ डिसेंबर २०२४ रोजी पुण्यातील बालेवाडी येथे झाला. त्यात हरियाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरविले आणि शादलुई सलग दुसऱ्या वर्षी विजेत्या संघात राहिला. गतविजेते पुणे त्या वर्षी बाद फेरीतही पोहोचू शकले नव्हते. घरच्या मैदानावर चषक उंचावणारा खेळाडू आदल्या वर्षी आपलाच होता, अशी स्थिती पुणेकर प्रेक्षकांच्या वाट्याला आली.

नंदुरबार जिल्हा

लीगचा चाहतावर्ग केवळ संघांच्या शहरांत राहत नाही. राज्याच्या वायव्य टोकाचा नंदुरबार जिल्हा हे त्याचे उदाहरण आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन हा जिल्हा निर्माण झाला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी (धडगाव) हे त्याचे सहा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे ६९ टक्के आहे. जिल्ह्याच्या सीमा गुजरात व मध्य प्रदेशाला भिडतात. सुरत-भुसावळ लोहमार्गावरील नंदुरबार शहराला पुण्या-मुंबईपेक्षा सुरत जवळ आहे.

येथे लीगचा संघ नाही. कबड्डी येथे प्रथम शाळेच्या मैदानावर भेटते. आदिवासी विकास विभागाचे नंदुरबार आणि तळोदा असे दोन प्रकल्प जिल्ह्यात आहेत. त्यांच्या अखत्यारीतील आश्रमशाळांच्या क्रीडा स्पर्धांत कबड्डी आणि खो-खो हे प्रमुख सांघिक खेळ आहेत. या खेळांना महागडे साहित्य लागत नाही. सपाट जमीन आणि आखलेल्या रेषा एवढ्यावर सामना होऊ शकतो. त्यामुळे पडद्यावर दिसणारी चढाई, पकड किंवा लोण या प्रेक्षकांना समजावून सांगावे लागत नाही. तथापि मैदानात फरक आहे. शाळेत माती असते आणि लीगमध्ये मॅट. मॅटवर बूट लागतात, पायांची पकड बदलते आणि खेळ अधिक वेगवान होतो.

संघाच्या शहरापासून दूर असलेल्या चाहत्याला लीग दूरचित्रवाणी आणि मोबाइल यांवरूनच पाहता येते. सातपुड्याच्या दुर्गम पाड्यांवर वीज आणि मोबाइल जोडणी दीर्घकाळ अपुरी राहिल्याने हा मार्गही सर्वांना सारखा खुला नव्हता. त्यातच दहावे पर्व डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ असे चालले. दिवाळीनंतरचे हे महिने जिल्ह्यातील अनेक कुटुंबांसाठी ऊसतोडीच्या स्थलांतराचे असतात.

हे अंतर अलीकडे वेगळ्या अर्थाने सार्वत्रिक झाले आहे. आठवे पर्व साथरोगामुळे बंगळुरू येथे एकाच ठिकाणी, प्रेक्षकांविना झाले. बाराव्या पर्वाचे सामने विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई आणि दिल्ली या चार शहरांतच खेळविण्यात आले. महाराष्ट्रात एकही सामना झाला नाही. त्या वर्षी पुण्याचा चाहता आणि धडगावचा चाहता दोघेही आपला संघ पडद्यावरच पाहत होते.

निष्ठेचे प्रकार

महाराष्ट्रातील चाहत्यांच्या निष्ठेचे ढोबळमानाने तीन प्रकार दिसतात. काहींची निष्ठा संघाशी असते. खेळाडू बदलले तरी मुंबई-पुणे लढतीत त्यांची बाजू बदलत नाही. काहींची निष्ठा खेळाडूशी असते. सिद्धार्थ देसाई हैदराबादच्या संघात गेला तेव्हा अशा चाहत्यांसाठी तेलुगू टायटन्सचे सामनेही घरचे झाले. तिसऱ्या प्रकारात ओढ राज्यातील खेळाडूंच्या यशाची असते. २०२५ च्या अंतिम सामन्यात पुण्याविरुद्ध दिल्लीकडून खेळणारा अजिंक्य पवार हा मराठी खेळाडू होता, त्यामुळे या प्रेक्षकांना दोन्ही बाजूंना आपली माणसे सापडली.

या तिन्ही निष्ठा एकत्र नांदू शकतील असा मार्ग तरुण खेळाडू घडविण्यात आहे. लिलावाबाहेर थेट करारबद्ध करता येणाऱ्या नव्या तरुण खेळाडूंचा स्वतंत्र गट नियमांत आहे. अस्लम इनामदार पुण्याच्या संघात याच गटातून आला आणि पुढे विजेत्या संघाचा कर्णधार झाला. संघाने घडविलेला खेळाडू पुढील पर्वांत कायम ठेवणे लिलावात नव्याने घेण्यापेक्षा स्वस्त पडते. त्यामुळे तो एकाच संघात अधिक वर्षे राहण्याची शक्यता वाढते. संघ नसलेल्या जिल्ह्यांतील मुलांनाही लीगचे दार प्रामुख्याने याच गटातून उघडते. तेथपर्यंतची वाट शालेय स्पर्धा, जिल्हा संघ आणि राज्य निवड चाचणी यांतून जाते.