सूचक, अनुमोदक आणि बाकीचे

ग्रामसभेच्या इतिवृत्ताच्या वहीला गावात सगळे प्रोसिडिंगच म्हणतात. तिचा साचा वर्षानुवर्षं तोच आहे. वर तारीख, जागा आणि अध्यक्षांचं नाव, मग विषय क्रमांक आणि ठराव क्रमांक, त्याखाली चार-सहा ओळींचा मजकूर, मग सूचक, अनुमोदक आणि शेवटी ‘ठराव सर्वानुमते मंजूर’. म्हणजे एका निर्णयामागे दोनच नावं उरतात. त्यातही पुष्कळदा सूचक म्हणजे ज्याने काम केलं तो नसतो, तर सही करायला जवळ बसलेला असतो. कायद्याच्या दृष्टीने यात खोट नाही. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाने ग्रामसभेला अधिकार दिले, वर्षातून किमान चार सभा घ्यायला सांगितल्या, गणपूर्ती १५ टक्के किंवा १०० मतदार, यांपैकी जी संख्या कमी असेल ती, अशी ठरवली आणि सभेआधी महिलांची वेगळी सभा घेणं बंधनकारक केलं. पण निर्णय कोणाच्या कष्टाने तयार झाला, हे लिहायला त्या साच्यात रकानाच नाही. गावासाठी फुकट राबणाऱ्यांना आपण काय मानतो, हे मला या रिकाम्या जागेवरून जास्त कळतं. शाल-श्रीफळाचे फोटो त्या बाबतीत फारसं काही सांगत नाहीत.

हे नीट पाहायला बुलढाणा जिल्ह्याइतकं चांगलं ठिकाण शोधून सापडणार नाही. जिल्ह्याचे सरळ दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. वर अजिंठ्याच्या डोंगररांगांचा उतार आणि हलकी, मुरमाड जमीन. खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी माती आणि तिच्यातला खारपाणपट्टा. दोन्हीकडे पाण्याचा प्रश्न आहे, पण तो एकसारखा नाही. २०१८ साली पाणी फाउंडेशनची सत्यमेव जयते वॉटर कप स्पर्धा राज्यातल्या ७५ तालुक्यांत झाली. ८ एप्रिल ते २२ मे असे ४५ दिवस गावोगाव श्रमदान चाललं, आणि मोताळा तालुक्यातलं सिंदखेड हे गाव साताऱ्यातल्या भांडवलीसोबत राज्यात दुसरं आलं. त्याच वर्षी भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यात शंभराहून अधिक जेसीबी आणि पोकलेन उतरवले. एकाच उन्हाळ्यात, एकाच जिल्ह्यात, हाताने केलेलं काम आणि यंत्राने केलेलं काम शेजारी-शेजारी उभं राहिलं. दोन्हींची मोजदाद झाली. घनमीटर मोजले गेले, यंत्रांचे तास मोजले गेले, डिझेलचा हिशेब लागला. मोजायचं राहिलं ते कुदळ पडण्याआधीचं काम.

ते काम जवळून पाहावं लागतं. उतारावर सलग समपातळी चर खोदायचा तर आधी समपातळी रेषा आखावी लागते. त्यासाठी हायड्रोमार्कर वापरतात. पट्ट्या लावलेल्या दोन काठ्या, त्यांना जोडलेली पारदर्शक नळी आणि नळीत पाणी. एक जण काठी रोवून उभा राहतो, दुसरा उतारावर वर-खाली सरकत जातो. दोन्ही पट्ट्यांवर पाण्याची पातळी एक आली की तिथे खूण, मग पुढचा टप्पा. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर माप चुकतं, म्हणून दर वेळी नळी हलवून, टिचकी मारून तो काढायचा. खुणा जोडून फक्कीची पांढरी रेघ मारायची. ही रेघ वितभर चुकली तर पहिल्या मोठ्या पावसात पाणी चराच्या एका टोकाला धावतं, तिथे बांध फोडतं आणि शंभर माणसांनी आठ दिवस काढलेली माती खाली घेऊन जातं. श्रमदानाला येणाऱ्या शंभरांचा फोटो निघतो. आदल्या संध्याकाळी रेघ मारून गेलेले दोघे त्यात क्वचितच सापडतात.

पाण्याच्या ताळेबंदाचंही असंच. हिशेब वरवर सोपा आहे. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर. शिवार हजार हेक्टरांचं आणि पाऊस ७०० मिलिमीटर धरला, तर गावावर ७०० कोटी लिटर पाणी पडतं. जमेची बाजू इतक्यात आटोपते. खरी अडचण खर्चाच्या बाजूला आहे. कोणाच्या वावरात किती कांदा आहे, गहू किती, विहिरीला पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकतं, बोअर किती आणि कितव्या फुटावर, हे घरोघरी जाऊन विचारावं लागतं. नोंदीत नसलेला बोअर असलेला माणूस सहज उत्तर देत नाही. ‘तुला कशाला पायजे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याच्या तोंडावर येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा त्याच्याच भावकीतला किंवा शेजारचा असतो. कोणाच्या घरात आदर कमी होतो, कोणाशी बोलणं बंद होतं. शरीरकष्टापेक्षा ही किंमत मोठी आहे, कारण मोहीम संपली तरी हा माणूस त्याच गल्लीत राहणार असतो. गावाने पीकपद्धती बदलायचा ठराव केला आणि तो टिकला, तर त्याच्या पायात असे पंधरा-वीस वाईटपणे घातलेले असतात.

म्हणून माझं म्हणणं असं की स्वयंसेवकाचा मान तीन साध्या गोष्टींत आहे. त्याने काय केलं ते दप्तरात लिहिलं जावं. त्याने काय सुचवलं तेही लिहिलं जावं. आणि ते मान्य झालं नाही तर का नाही, याचं कारण त्याला सभेत मिळावं. यातली तिसरी गोष्ट सगळ्यांत दुर्मीळ आहे. सुचवणाऱ्याला नकाराचा फारसा राग नसतो. रात्री कंदिलाच्या उजेडात, आता मोबाइलच्या उजेडात, तयार केलेला आराखडा वरून आलेल्या कामांच्या यादीखाली दबून जातो आणि त्यावर कोणी अवाक्षर काढत नाही, याचा राग असतो. पुढच्या वर्षी शिवारफेरीला तीच चार-पाच माणसं का आली नाहीत, असं विचारलं की ‘लोकांत उत्साह राहिला नाही’ हे तयार उत्तर मिळतं. उत्साह आपोआप जात नाही. तो निरुत्तर राहून राहून जातो.

इथे खारपाणपट्ट्याचा दाखला कामाचा आहे. शेगाव, नांदुरा, संग्रामपूर, जळगाव जामोद या भागात भूगर्भातलं पाणी खारट आहे. विहीर खोल केली म्हणजे प्रश्न सुटत नाही, उलट सिंचनाने जमीन बिघडू शकते. डोंगरउतारावर जो उपाय चालला तो इथे जसाच्या तसा लावून चालत नाही. पावसाचं गोडं पाणी वरच्या वर साठवणं, शेततळं, नाला नेमका कुठे अडवायचा, हे ठरवायला नकाशा लागतोच, पण त्याबरोबर ‘या धुऱ्यावर पाणी तुंबतं, तूर जळते’ असं सांगणारा शेतकरीही लागतो. अशा माणसाकडे ग्रामसभेत बहुधा आडमुठा म्हणून पाहिलं जातं. त्याने बंधाऱ्याला विरोध केला, इतकंच लोकांच्या लक्षात राहतं. प्रत्यक्षात चाळीस पावसाळ्यांचं निरीक्षण त्याने गावाला फुकट दिलेलं असतं. ‘सर्वानुमते मंजूर’ या दोन शब्दांनी ते पुसलं जातं. विरोधकाचं म्हणणं इतिवृत्तात उतरणं हासुद्धा योगदानाचा मानच आहे, आणि गावाला सर्वांत जास्त फायदा देणारा मान बहुधा हाच.

हे अव्यवहार्य नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाने निर्णय सर्वसहमतीने घ्यायचा नियम कित्येक वर्षं पाळला. एकाचाही आक्षेप असेल तर विषय पुढे ढकलायचा, आणि दरम्यान अभ्यासगटाने त्यावर बसून चर्चा करायची. म्हणजे अभ्यास करणाऱ्यांना आणि अडवणाऱ्याला, दोघांनाही निर्णयाच्या वाटेत जागा होती. ब्राझीलच्या पोर्तो अलेग्रे शहराने १९८९ पासून लोकांच्या सहभागाने अंदाजपत्रक करायला सुरुवात केली, तेव्हा दर वर्षीची पहिली फेरी मागच्या वर्षी ठरलेल्या कामांचं काय झालं हे सांगण्यापासून सुरू व्हायची. वेळ देणाऱ्या माणसाला तेवढं कळलं तरी तो पुन्हा येतो. आपल्याकडे मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम करण्याचा विषय असतोच, पहिल्याच क्रमांकावर असतो, आणि तोच सगळ्यांत घाईने उरकला जातो.

यावरचा पहिला आक्षेप संस्काराचा आहे. सेवा निःस्वार्थ असावी, नाव कशाला हवं? बुलढाण्यात हा आक्षेप हलका घेता येत नाही, कारण याच जिल्ह्यात शेगावचं गजानन महाराज संस्थान आहे आणि तिथे हजारो सेवेकरी एक पैसा न घेता पाळीने सेवा देतात. कै. शिवशंकरभाऊ पाटलांनी उभी केलेली ती शिस्त देशभरातून लोक पाहायला येतात. पण तिथे काय आहे ते नीट पाहावं. सेवेकऱ्याचं नाव फलकावर लागत नाही हे खरं, मात्र त्याची पाळी ठरलेली असते, काम ठरलेलं असतं, त्याचे दिवस कोणी गृहीत धरत नाही. निःस्वार्थपणा हा देणाऱ्याचा गुण आहे. घेणाऱ्याने तो सोयीने स्वतःकडे ओढून ‘त्यांना कुठे काही हवं असतं’ म्हणावं, हे मला बेजबाबदार वाटतं. शिवाय देवळातल्या सेवेला कोणता बांध कुठे घालायचा हे ठरवायचं नसतं. गावच्या निर्णयात राबणारा माणूस त्या निर्णयाचे परिणाम भोगणाराही असतो.

दुसरा आक्षेप राजकारणाचा. नावं लिहायला लागलो की श्रेयवाद सुरू होईल, या गटाची पाच नावं आली तर त्या गटाला सहा हवीत. हा धोका खरा आहे. पण नोंद नाही म्हणून श्रेयवाद टळलाय, असं चित्र कोणत्या गावात दिसतं? नोंद नसते तिथे श्रेय ज्याच्या हातात माइक असतो त्याच्याकडे जातं, आणि निवडणुकीच्या फ्लेक्सवर ‘आमच्या प्रयत्नांनी’ असं छापून येतं. कामाचा तपशील जितका नेमका, तितकं ते लुबाडणं अवघड. ‘जलसंधारणात मोलाचं योगदान’ या वाक्यावर कोणीही दावा सांगू शकतो. ‘पूर्वेकडच्या टेकडीवरची रेघ अमुक दोघींनी आखली’ यावर तिसऱ्याला सांगता येत नाही. अमुक दोघी असं मुद्दाम लिहिलं, कारण महिलांच्या सभेची वही सर्वांत जास्त गुळगुळीत असते. सह्या दुसऱ्या दिवशी घरोघरी फिरवून घ्यायच्या, ही रीत सगळ्यांना ठाऊक आहे. उन्हात टोपलं उचलायला बाया, आणि ठरावावर सूचक-अनुमोदक पुरुष, ही विभागणी नोंदीवाचून कधी उघडी पडणार नाही.

तिसरा आक्षेप मात्र माझ्या म्हणण्याच्या मुळालाच हात घालतो. श्रमदानाला जास्त मान दिला तर जो श्रमदान करू शकत नाही त्याचं काय? एप्रिल-मे हे शेतीला रिकामे महिने, पण हातावर पोट असलेल्यांसाठी तेच बाहेरगावी कामाला जायचे महिने. जो मजूर तेव्हा पुण्या-सुरतेकडे असतो, तो श्रमदानाच्या यादीत येणार नाही. जो गावात आहे, त्याला सकाळचे तीन तास देणं म्हणजे अर्धी मजुरी सोडणं. आणि चर-बांधांचं पाणी शेवटी ज्याच्या विहिरीत उतरतं, तो जमीनवाला. महाराष्ट्राने १९७० च्या दशकातच रोजगार हमीने मातीकामाला मजुरी देणं मान्य केलं होतं. तेच काम स्वेच्छेच्या नावाखाली भूमिहीनाकडून फुकट करून घेणं आणि वर त्याचा सत्कार करणं, यात मोठेपणा कसला?

या आक्षेपापुढे मला माझं म्हणणं आवरतं घ्यावं लागतं. योगदानाने मताचं वजन वाढू नये. ग्रामसभेतलं मत मतदार असण्याने येतं, घनमीटरने नाही. जो राबला नाही त्यालाही तितकाच हक्क आहे, आणि पंचवीस दिवस राबलेल्याने ‘तू कुठे होतास?’ म्हणून त्याला गप्प बसवणं हा राबण्याचाच गैरवापर आहे. योगदानातून मिळावं ते उत्तर. आणि नोंद खरी ठेवली तर भूमिहीनाच्या बाजूनेच ती बोलेल, कारण स्वतःच्या नावावर गुंठाही नसताना दिलेला दिवस आणि दहा एकरांच्या मालकाने दिलेला दिवस शेजारी-शेजारी लिहिले की फरक वाचणाऱ्याला आपोआप दिसतो. गाळ वाटताना, चराईचा नियम करताना, गावतळ्याच्या मासेमारीचा हक्क ठरवताना त्या पानाचा आधार घेता येतो. नोंद नसेल तर या वाटपात सातबारा हाच एकमेव पुरावा उरतो.

लिहिणार कोण, हा शेवटचा आक्षेप किरकोळ आहे. ग्रामसेवकाकडे कामाचा ढीग असतो हे खरं. पण ठरावाला अर्धं पान जोडायला नवीन कायदा लागत नाही, आणि गावात नीट अक्षर असलेली बारावी झालेली मुलगी नाही असं गाव आता शोधावं लागेल. तिची निवड सभेने करावी आणि तिचं नावही त्या पानावर यावं. दोन-तीन पावसाळ्यांत चर गाळाने भरतात, माती खचते, कुठे बांध फुटतो, आणि दुरुस्तीसाठी पुन्हा सभा बसते. इथेच रेघ का मारली होती, नाल्याच्या वळणाबद्दल कोणी काय सांगितलं होतं, कोणाचं ऐकलं नाही आणि कोणत्या कारणाने, हे तेव्हा विचारायला सरपंच बदललेला असतो, ग्रामसेवकाची बदली झालेली असते, आणि जेसीबीवाला दारात तासाचा भाव सांगत उभा असतो.