लाल मातीतली गोल गावं

कंबोडियाला जाणारा मराठी पर्यटक अंगकोर वाट बघतो, समुद्रमंथनाच्या शिल्पपटासमोर हरखून उभा राहतो आणि ‘हे सगळं आपल्याकडूनच गेलं’ असं म्हणत परततो. हे वाक्य ऐकलं की मला राहवत नाही. बाराव्या शतकातल्या त्या मंदिराच्या कितीतरी आधीचे ख्मेर लोकांचे पूर्वज भेटायचे असतील, तर पूर्वेला, व्हिएतनामच्या सीमेलगत मेमोतकडे जायला हवं.

हा लाल मातीचा, रबराच्या मळ्यांचा मुलूख. इथे जमिनीवर प्रचंड वर्तुळं आहेत. लुई मालेरे या फ्रेंच अभ्यासकाने १९५९ मध्ये त्यांची माहिती प्रसिद्ध केली, १९६२ मध्ये बर्नार-फिलिप ग्रोलिए यांनी उत्खनन केलं. पुढे युद्धाने सगळंच थांबवलं. एकेका वर्तुळाचा व्यास दोनशे मीटरच्या आसपास. कडेला मातीचा उंच बांध, बांधाच्या आतल्या बाजूला खंदक आणि मधोमध वस्तीची जागा.

खंदक आत आणि बांध बाहेर! आपल्या भुईकोटांचा खंदक तटाबाहेर असतो, शत्रूला अडवायला. इथे सगळं उलट. बांधावर चढून आत पाहिलं तेव्हा माझी खात्रीच झाली, की लढाईपेक्षा गुरं आवरणं किंवा पावसाचं पाणी राखणं असल्या रोजच्या गरजा यामागे असाव्यात. अभ्यासकांत यावर अजून एकमत नाही. बेसाल्टपासून झालेली ही आम्लधर्मी माती हाडं विरघळवून टाकते, त्यामुळे राहणाऱ्यांचे सांगाडे मिळत नाहीत. मिळतात ती खापरं आणि घासून गुळगुळीत केलेल्या दगडी कुऱ्हाडी. धातू जवळजवळ नाहीच. तरीही एवढी माती हलवायला अनेक कुटुंबांना एकत्र राबावं लागलं असणार. राजा नसताना माणसं हे करू शकली, याचं मला फार अप्रूप आहे.

त्याआधीचं थोडक्यात सांगतो. बट्टंबांग प्रांतातल्या लांग स्पीअन गुहेत शिकारी-संग्राहकांची दगडी हत्यारं मिळाली आहेत. सुमारे चार हजार वर्षांपूर्वी उत्तरेकडून भातशेती करणारे लोक उतरले आणि या जुन्या रहिवाशांत मिसळले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्राचीन डीएनएच्या अभ्यासांनी याला बळ दिलं. ऑस्ट्रोआशियाई भाषा त्यांच्याबरोबरच पसरल्या असं मानतात. ख्मेर त्याच कुळातली, खासी आणि संथाळीही, आणि आपल्या मेळघाटातली कोरकूसुद्धा. चिखलदऱ्याच्या बाजारात कानावर पडणारी बोली ख्मेरची दूरची नातलग आहे, हे आपल्याकडे शाळेत शिकवायला हवं.

सामरोंग सेन या गावाचा उल्लेख टाळवत नाही. तिथले गावकरी चुन्यासाठी शिंपल्यांचे जुने ढीग खणत असत. एकोणिसाव्या शतकात त्या ढिगांतून दगडी अवजारं आणि काशाच्या वस्तू निघाल्या, आणि या प्रदेशाच्या प्रागितिहासाचा अभ्यास सुरू झाला.

पुढे लोहयुग. प्रोहिअर गावात आधी चोरांनी थडगी उकरली. उरलेल्यांचं उत्खनन आंद्रेआस राइनेके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ पासून केलं. सोन्या-चांदीचे दागिने तर मिळालेच, शिवाय एका मृताचं डोकं काशाच्या नगाऱ्यात ठेवलेलं आढळलं. म्हणजे भारतीय व्यापारी आणि पुरोहित आले ते श्रीमंत, रीतिरिवाज जपणाऱ्या समाजात.

ते आले हे मात्र खरं. कौंडिण्य ब्राह्मणाने तिथल्या नागकन्येशी लग्न केल्याची दंतकथा आहे. मेकाँगच्या त्रिभुज प्रदेशातल्या अंगकोर बोरेई इथे पुरलेल्या, इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकातल्या एका मुलाच्या डीएनएचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा चाळीस ते पन्नास टक्के वारसा दक्षिण आशियाई निघाला. त्याच अंगकोर बोरेईत तारखेसह कोरलेला सर्वांत जुना ज्ञात ख्मेर शिलालेख सापडला आहे. लिपी दक्षिण भारतीय वळणाची, कालगणना आपली शकाची, शके ५३३ म्हणजे इसवी सन ६११. त्यात देवाला दिलेल्या सेवकांची आणि गुराढोरांची यादी आहे, आणि ती भात पिकवणाऱ्यांच्या भाषेत आहे.