हळदीची कंदमाशी: पान पिवळं पडायच्या आधी काय करायचं?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बसमध्ये ऐकताना नोट्स काढता आल्या नाहीत, त्यांच्यासाठी.

मी कोड लिहून पोट भरतो, पण घर हिंगोली जिल्ह्यातलं. आमच्याकडे हळद म्हणजे वर्षाचा हिशोब. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पण हे पीक आठ-नऊ महिने जमिनीखाली. आत काय बिघडलंय ते बऱ्याचदा काढणीलाच कळतं. म्हणून आज कंदमाशी.

दिसायला डासासारखी, पण बरीच मोठी. अंग काळपट, पाय लांब. पावसाळ्यात ती खोडाजवळ, उघड्या पडलेल्या गड्ड्यांपाशी अंडी घालते. अळी निघाली की थेट कंदात. तिच्या मागोमाग बुरशी शिरते, कंद मऊ पडतो, सडतो. पान पिवळं दिसेपर्यंत अळी आत बसलेली असते. मग पानावरची फवारणी तिच्यापर्यंत पोचणार कशी?

म्हणून कामं आधीची:

१. भरणी. लागवडीनंतर अडीच-तीन महिन्यांनी माती चढवा. नंतरही कंद उघडा दिसला की झाका. माशीला अंडी घालायला जागाच ठेवायची नाही.

२. निचरा. पाणी साचलं की सड लागते आणि सडका कंद म्हणजे माशीला आमंत्रण. चर मोकळे ठेवा.

३. एरंडीचा सापळा. पसरट भांड्यात २०० ग्रॅम भरडलेली एरंडी आणि एक ते दीड लिटर पाणी. एकरी सहा भांडी. आठ-दहा दिवसांत ते आंबतं, वासाने माश्या येतात आणि त्यात मरतात. खर्च किरकोळ.

४. काढणीनंतर सडके कंद वेचून नष्ट करा. बेणं निरोगीच घ्या.

आणि औषध? परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या सल्ल्यात कीटकनाशकांची नावं असतात, पण खाली एक ओळही असते: हळदीवर या औषधांना लेबल क्लेम नाही, हे संशोधनाचे निष्कर्ष आहेत. ती ओळ वाचा. हळद शेवटी ताटात जाते. दुकानदाराने दिलं म्हणून मारू नका. आधी तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात किंवा सहायक कृषी अधिकाऱ्याला विचारा.

तुम्ही पुण्यात असा नाहीतर हैदराबादला, ऑगस्टमध्ये घरी फोन लावाल तेव्हा पाऊस किती झाला विचारताच ना? त्यासोबत एवढंही विचारा: भरणी झाली का?

भेटू पुढच्या भागात.