दंतचक्र, सरळ दात्यांचे
आसाला समांतर दाते असलेले चाक. दोन समांतर दंडांमध्ये परिभ्रमी गती न घसरता पोहोचविण्यासाठी याचा उपयोग होतो. परस्परांत गुंतलेली दोन दंतचक्रे म्हणजे जणू एकमेकींवर न घसरता लोळणाऱ्या दोन गुळगुळीत चकत्याच होत. या काल्पनिक चकत्यांच्या परिघांना अंतराल वर्तुळे म्हणतात. ती चक्रावर कोठेही दिसत नाहीत. परंतु सर्व हिशोब त्यांच्यावरूनच होतो.

अंतराल वर्तुळाच्या मिमी.मधील व्यासाला दात्यांच्या संख्येने भागले असता मॉड्यूल मिळते. जोडीतील दोन्ही चक्रांचे मॉड्यूल आणि दाबकोन (बहुधा २०°) सारखेच असावे लागतात. दात्याची उंची अंतराल वर्तुळाबाहेर एक मॉड्यूल, तर आत सामान्यतः १·२५ मॉड्यूल ठेवतात. जादा पाव भाग समोरच्या दात्याचे टोक तळाला टेकू नये म्हणून असतो.

उदा., मॉड्यूल ३ व दाते २० आणि ६० असल्यास अंतराल व्यास ६० व १८० मिमी., बाह्य व्यास ६६ व १८६ मिमी. आणि दंडांमधील अंतर व्यासांच्या बेरजेच्या निम्मे म्हणजे १२० मिमी. येते. गतीचे गुणोत्तर दात्यांच्या व्यस्त प्रमाणात असल्याने लहान चक्राचे मिनिटाला १,४४० फेरे मोठ्या चक्रावर ४८० होतात. मात्र या जोडीत मोठ्या चक्राच्या प्रत्येक दात्याची गाठ लहान चक्राच्या एकाच ठराविक दात्याशी पडते व एखाद्या दात्यातील दोष त्याच जागी झीज करीत राहतो. गुणोत्तर नेमके ३ असण्याची गरज नसेल, तर १९ व ६१ दाते घेणे अधिक शहाणपणाचे. दंडांतील अंतर तेवढेच राहते, गुणोत्तर सु. ३·२१ होते आणि प्रत्येक दाता समोरच्या सर्व दात्यांना भेटत असल्याने झीज वाटली जाते. २०° दाबकोनात दाते १७ पेक्षा कमी केल्यास मात्र ते बुडाशी पोखरले जाऊन दुबळे होतात.

जुन्या इंग्लिश यंत्रांत मॉड्यूलऐवजी व्यासाच्या दर इंचामागील दात्यांची संख्या देत. अशा ८ अंकाच्या चक्राचे मॉड्यूल २५·४ ÷ ८ म्हणजे ३·१७५ भरते. मोडलेल्या चक्राच्या जागी डोळ्यांना सारखेच दिसणारे ३ मॉड्यूलचे चक्र बसविले, तर आवाज होऊन दाते लवकरच तुटतात. म्हणून मिमी.मध्ये मोजलेल्या बाह्य व्यासाला दात्यांच्या संख्येत २ मिळवून भागावे. २० दात्यांच्या चक्राचा बाह्य व्यास ६९·८५ मिमी. भरल्यास ते इंची मापाचे समजावे. ३ मॉड्यूलच्या चक्राचा तो ६६ मिमी.च असतो.