प्लेग, व्यापारबंदी आणि मुंबईचे स्थलांतर

धोबीतलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांचा पुतळा आहे. मूळच्या गोव्यातील हडफडे गावच्या या कॅथलिक डॉक्टरांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागातील रुग्ण तपासून मुंबईत गाठीचा प्लेग आल्याचे निदान केले. आपल्यापैकी किती जण त्या पुतळ्याकडे मान वर करून पाहतात, हा प्रश्न आम्ही स्वतःलाही विचारतो.

१८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ८ लाख २१ हजार होती. फेब्रुवारी १८९७ पर्यंत त्यातील जवळजवळ निम्मे लोक शहर सोडून गेले. त्यांना केवळ रोगाची भीती होती असे नव्हे. घरांची झडती, रुग्णांना सक्तीने इस्पितळात नेणे, सामान जाळणे यांचीही दहशत होती.

याच सुमारास बाहेरच्या जगानेही मुंबईकडे पाठ फिरविली. १८९७ मध्ये व्हेनिस येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेने प्लेगग्रस्त बंदरांतून येणारी जहाजे, चिंध्या, कच्ची कातडी अशा मालावर निर्बंध ठरविले. त्या वर्षी मुंबईहून हजयात्राही थांबविण्यात आली. आजच्या अर्थाने हे राजकीय आर्थिक निर्बंध नव्हते. परंतु बंदरावर जगणाऱ्या शहराच्या पोटावर मात्र तसाच पाय पडला.

येथे एक विलक्षण गोष्ट घडली. परळ-लालबागच्या गिरण्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील कामगार मोठ्या संख्येने होते. एरव्ही त्यांचा पगार अंगावर थकविलेला असे. गाव गाठायचे तर कमाईवर पाणी सोडावे लागे. आता माणसेच मिळेनात, तेव्हा मालकांना रोजची मजुरी रोज चुकती करणे भाग पडले. नाक्यानाक्यावर कामगारांसाठी बोली लागू लागली. पुढे भीती ओसरल्यावर लोक परतले खरे, पण १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७६ हजारच भरली.

रोग आणि निर्बंध एकत्र आले की काय होते, हे अलीकडे इराणमध्येही दिसले. २०१८ मध्ये अमेरिकेने पुन्हा लादलेल्या निर्बंधांनी रियाल घसरला, अफगाण मजुरांच्या कमाईचे मोल उरले नाही. २०२० मध्ये कोरोना आला आणि लाखो अफगाण मायदेशी परतले.

मार्च २०२० मध्ये आपल्या मुंबईतून मजूर पायी निघाले. श्रमिक रेल्वेगाड्या सुटल्या त्या १ मे नंतर. आमच्या मते १८९७ शी असलेला मोठा फरक येथे आहे. तेव्हा कामे चालू होती, म्हणून मागे राहिलेल्या कामगाराला किंमत आली. यावेळी कामच बंद होते, आणि थकलेली मजुरी मागायची कोणाकडे, हेही अनेकांना ठाऊक नव्हते. कोकणात पोहोचलेल्या चाकरमान्याला आधी गावच्या शाळेत अलगीकरणात राहावे लागले. घरच्यांनी आणलेला डबा दारातच ठेवला जाई.